पोकलेनची ताकद येते कुठून?

खोदकामाच्या साइटवर मराठी माणूस मुख्यतः दोनच यंत्रे नावाने ओळखतो, जेसीबी आणि पोकलेन. दोन्ही मुळात कंपन्यांची नावे. पहिली इंग्लंडची, ट्रॅक्टरच्या मागे हायड्रॉलिक हात बसवलेले तिचे यंत्र 1953 सालचे. दुसरी फ्रान्सची. ‘पोकलँड’ हा तिच्याच नावाचा अपभ्रंश. या फ्रेंच यंत्रांचे उत्पादन परवान्यावर भारतातही झाले आणि चेनवर चालणाऱ्या प्रत्येक एक्स्कॅव्हेटरला, तो जपानी असो की कोरियन, तेच नाव चिकटले. पहिले हायड्रॉलिक एक्स्कॅव्हेटर कोणाचे, याबद्दल इटली, फ्रान्स आणि जर्मनी तिघांचेही दावे आहेत. पोकलेन कंपनीला नावारूपाला आणणारे, पूर्ण गोल फिरणारे 1961 चे यंत्र मात्र चेनवर नव्हते, टायरवर होते.

नावाचा हा घोळ महागात पडतो. मागणीत नुसते ‘पोकलेन’ लिहिले, तर 7 टनांचे यंत्र येऊ शकते आणि 30 टनांचेही. यंत्राचे वजन, बकेटचे घनमीटर आणि बूम-आर्मची (बूम म्हणजे यंत्राला जोडलेला मोठा हात, आर्म म्हणजे त्याच्या पुढचा बकेट धरणारा हात) लांबी हे तीन आकडे लिहायलाच हवेत. एचपीवरून निवड करणे तर सरळ चूक आहे. ती का, हे या यंत्रांच्या घडणीतच दिसते.

आज हात हलवतो तो तेलाच्या दाबाने चालणारा सिलिंडर, म्हणजेच हायड्रॉलिक. या तेलाआधी दोर होते. वाफेवरच्या फावड्याचे अमेरिकन पेटंट 1839 चे. दोर ओढू शकतो, ढकलू शकत नाही. ढकलायला दात्यांची पट्टी लागे, नाहीतर सगळी भिस्त बकेटच्या वजनावर. सिलिंडर दोन्ही कामे करतो, पण सारख्या जोराने नाही. 120 मिमी व्यासाच्या पिस्टनचे क्षेत्रफळ 113 चौ. सेंमी. दर चौ. सेंमीला 350 किलो दाब दिला, की जोर होतो साडेएकोणचाळीस टन. रॉडच्या (पिस्टनला जोडलेल्या दांड्याच्या) बाजूने तेल सोडले, तर 85 मिमीचा रॉड निम्मी जागा अडवतो आणि जोर 20 टनांच्या आत येतो. म्हणूनच बकेटचा आणि आर्मचा सिलिंडर अशा जागी बसवतात, की खोदताना तो लांबत जाईल. रिकामी बकेट उघडताना तो आखडतो. तेव्हा जोर कमी चालतो आणि तेल कमी लागल्याने वेगही जास्त मिळतो. तरफेचे गुणोत्तर धरता 20 टनी यंत्राच्या बकेटच्या दातांवर साधारण 14-15 टनच पोचतात.

आता एचपी. अशा यंत्राचे दोन पंप मिळून मिनिटाला सुमारे 440 लिटर तेल देतात. इतके तेल 350 च्या दाबाने ढकलायला 250 किलोवॅट लागतील. इंजिन असते 110 किलोवॅटच्या आसपास. त्यामुळे दाब चढला, की रेग्युलेटर पंपाचा प्रवाह कमी करतो. कठीण मुरमात हालचाल मंदावते ती यामुळेच. तो बिघाड नव्हे. दाब म्हणजे जोर, प्रवाह म्हणजे वेग आणि दोघांच्या गुणाकाराला इंजिनाची मर्यादा.

हे लक्षात न घेता ‘मशीन ओढत नाही’ म्हणून मुख्य रिलीफ व्हॉल्व्हचा, म्हणजे दाब मर्यादेपुढे गेला की तेल सोडून देणाऱ्या झडपेचा, स्क्रू आवळला जातो. दाब 380 वर नेला तरी इंजिनाची शक्ती वाढत नाही, उलट वेग आणखी घटतो. होज फुटतात, पंपाची झीज वाढते, बूमच्या वेल्डिंगला तडे जातात. शिवाय यंत्राचे वजन तेवढेच असल्याने बकेट रुतण्याऐवजी चेनच जमिनीवरून उचलली जाते.

आधी मोजावे. तेल 50 अंशांपर्यंत तापवून, बकेट पूर्ण मिटवून लिव्हर धरून ठेवावा आणि गेज वाचावे. 350 दिसत असून यंत्र मंद असेल, तर दोष प्रवाहात आहे: पंपाची झीज, रेग्युलेटर किंवा तुंबलेली सक्शन जाळी. आकडाच कमी आला, तर आधी पायलट दाब, म्हणजे लिव्हरपासून मुख्य व्हॉल्व्हना हलवणाऱ्या छोट्या तेलवाटेतला दाब, बघावा. तो 40 च्या आसपास हवा. तो ठीक असेल, तरच रिलीफ व्हॉल्व्ह उघडून त्याची स्प्रिंग आणि सीट (झडप जिथे टेकून बंद होते ती जागा) तपासावी. बऱ्याचदा सीटवर कचऱ्याचा कण अडकलेला असतो, आणि तेव्हा स्क्रू आवळण्यापेक्षा फिल्टर आणि तेल बदलणे गरजेचे असते.