गंगनहर, बारी आणि श्रीगंगानगर

राजस्थानातल्या श्रीगंगानगर जिल्ह्यात कुणाला गाव विचारलं, तर ‘३ ई छोटी’ किंवा ‘७ झेड’ असं उत्तर मिळतं. कालव्याचा फाटा आधी आला, वस्ती नंतर. म्हणून फाट्याचं अक्षर आणि शिवाराचा, म्हणजे तिथल्या भाषेत ‘चक’चा, क्रमांक हेच गावाचं नाव होऊन बसलं.

त्याआधी हा बिकानेर संस्थानाचा वाळूचा पट्टा होता. वर्षाचा पाऊस जेमतेम २०-२५ सेंटिमीटर. १८९९-१९०० चा दुष्काळ विक्रम संवत १९५६ मध्ये पडला, म्हणून राजस्थानात तो आजही ‘छप्पनिया’च आहे. महाराजा गंगासिंह यांच्या हाती कारभार येऊन तेव्हा वर्षच झालं होतं. सतलजचं पाणी वाळवंटात आणायचा ध्यास त्यांनी पुढे सोडला नाही. १९२० मध्ये पंजाब, बहावलपूर आणि बिकानेर यांच्यात पाणीवाटपाचा करार झाला, ५ डिसेंबर १९२५ रोजी फिरोजपूरला पायाभरणी झाली आणि २६ ऑक्टोबर १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते या कालव्यात, म्हणजेच गंगनहरमध्ये, पाणी सुटलं. वाळूत पाणी मुरून जाईल म्हणून मुख्य कालव्याला चुन्याच्या काँक्रीटचं अस्तर केलं होतं. इतक्या लांबीचं अस्तर त्या काळी नवलाचंच.

जमीन चौकोनात पाडली. २५ बिघ्यांचा एक मुरब्बा, प्रत्येक बाजू ८२५ फूट, क्षेत्र साधारण १५.६ एकर. (आपल्या मुरांब्याशी याचा संबंध नाही, मूळ अर्थच ‘चौकोन’.) वसाहतीला पंजाबातून शीख शेतकरी मोठ्या संख्येने आले, फाळणीनंतर निर्वासित आले. बाजारात आजही राजस्थानीपेक्षा पंजाबी जास्त ऐकू येते. शहरही शेतासारखंच आखलेलं: मधे गोल बाजार, भोवती ए, बी, सी अशी अक्षरांची ब्लॉकं. पॅरिसच्या धर्तीवर आखलं असं तिथले लोक सांगतात. गझलगायक जगजित सिंह १९४१ मध्ये याच शहरात जन्मले.

इथल्या रोजच्या जगण्याची खरी गुरुकिल्ली मात्र ‘बारी’, म्हणजे पाण्याची पाळी. आपल्याकडे शेजपाळीत पाणी अर्ज भरून, पिकानुसार मंजूर होतं. इथे पीक कुणी विचारत नाही. जमिनीच्या प्रमाणात वेळ मिळते. आठवड्याचे १६८ तास, म्हणजे १०,०८० मिनिटं. एका मोघ्याखाली, म्हणजे फाट्यावरच्या एका तोंडाखाली, ४०० बिघे असतील तर बिघ्याला सुमारे २५ मिनिटं आणि मुरब्ब्याला साडेदहा तास. पाणी खाल्यातून, म्हणजे शेतचारीतून, नाक्यापर्यंत, म्हणजे शेतात पाणी घ्यायच्या तोंडापर्यंत, पोचायला लागणारा वेळ ‘भराई’ म्हणून वेगळा धरतात. ठरलेल्या वेळी नाका फोडायचा, मग रात्रीचे दोन वाजलेले असोत वा थंडी चार अंशांवर असो. त्याच वेळी कालवा कोरडा असेल तर बारी ‘पिटली’: ती पुढच्या आठवड्यात भरून मिळत नाही. आंदोलनं बहुधा याच एका शब्दावरून पेटतात.

दुरुस्तीसाठीची नहरबंदी बऱ्याचदा उन्हाळ्याच्या तोंडावर येते. नरमा कापसाची पेरणी त्याच सुमारास, आणि किन्नूच्या, म्हणजे इथल्या संत्र्यासारख्या फळाच्या, झाडावर वाटाण्याएवढी फळं. पाणी तुटलं आणि लू, म्हणजे उन्हाळ्यातला गरम वारा, सुटली की ही फळं गळतात. मग घाईने भरपूर पाणी दिलं तरी गळ थांबत नाही. यावर उपाय म्हणजे डिग्गी, शेतातला पक्का तलाव. ४ लाख लिटरची डिग्गी ऐकायला मोठी वाटते, पण ते पाणी एका मुरब्ब्यावर पसरलं तर थर जेमतेम ६ मिलिमीटरचा होतो. मोकाट सिंचनाला एका वेळी त्याच्या दहापट लागतं. म्हणून ठिबक नसेल तर डिग्गीवर केलेला खर्च बहुतेक वायाच.

किन्नू हा कॅलिफोर्नियातला संकर, १९३५ मध्ये प्रसारित झालेला. ६ बाय ६ मीटरवर लावला तर एकरी ११० च्या आसपास झाडं बसतात. साल घट्ट, रस भरपूर, बिया पुष्कळ. हिवाळ्यात पुण्या-मुंबईत ‘संत्री’ म्हणून गाड्यांवर दिसणारी चकचकीत फळं अनेकदा हीच असतात. नागपुरीची सैल साल हाताला लगेच कळते. कापसाचं दुखणं विदर्भाला ओळखीचं आहे: गुलाबी बोंडअळीने अलीकडे इथेही नरम्याची बोंडं पोखरली.

पाहायला जायचं तर जानेवारीत. शहराला लागून असलेल्या साधुवालीत गंगनहरच्या काठी गाजरं धुण्याची यंत्रं ओळीने लागलेली असतात. ट्रॉली रिकामी होते, फिरत्या पिंपात कालव्याचं पाणी पडतं, चिखल सुटतो आणि लालभडक गाजरं पोत्यांत जातात. कालवा बंद असला की माल शेतातच थांबतो, कारण मातीच्या गाजराला भाव नाही. अनूपगढकडे वळलात तर बिंजौरला लैला-मजनूची म्हणून ओळखली जाणारी मजार आहे. तिचा मेळा जूनमध्ये भरतो, पारा ४५ च्या वर असताना. रायसिंहनगर भागातला बुड्ढा जोहड गुरुद्वारा वर्षभर गजबजलेला.

पिण्याचं पाणीही याच कालव्याचं. बंदीनंतर पहिलं पाणी पंजाबातल्या नाल्यांची घाण घेऊन काळं येतं, तेव्हा चार-पाच दिवस ते साठवण-टाक्यांत न घेता पुढे जाऊ देण्याची मागणी दरवर्षी होते.