टेबलटॉप रोलप्लेइंग गेमच्या सिस्टिम : जमेच्या आणि लंगड्या बाजू

टेबलाभोवती बसून, एकेकाने एकेक पात्र घेऊन बोलत बोलत खेळायचा खेळ म्हणजे टेबलटॉप रोलप्लेइंग गेम, आणि पात्राने केलेली गोष्ट जमली का फसली हे ठरवायची रीत म्हणजे सिस्टिम. गेम मास्टर (गोष्ट चालवणारा), कॅरेक्टर शीट (पात्राची माहिती लिहिलेला कागद), लेव्हल (पात्र किती मुरलंय त्याची पायरी) हे खेळणाऱ्यांना माहीत असतंच.

उगम. छापून विकली गेलेली पहिली सिस्टिम म्हणून १९७४ ची डन्जन्स अँड ड्रॅगन्स धरतात, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांची. वाद आहे तो श्रेयाचा. काहींच्या मते पाया १९७१ च्या चेनमेलचा, म्हणजे गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांच्या मध्ययुगीन लढाईच्या नियमांचा. दुसरे डेव्हिड वेस्ली यांच्या १९६९ च्या सुमारासच्या ब्राउनस्टाइन या खेळाकडे बोट दाखवतात, तिथे खेळाडूच्या हातात फौजेऐवजी एखादा माणूस आला आणि आर्नेसननी तीच गोष्ट ब्लॅकमूर या आपल्या खेळात वाढवत नेली. आर्नेसन १९७९ ला कोर्टात गेले, १९८१ ला तडजोड झाली. दुसरं मत जास्त पटतं, कारण चेनमेलमधून आकडेमोड मिळते पण ‘माझा माणूस आता काय करेल’ हा प्रश्न मिळत नाही. त्याच्याही मागे प्रशियन फौजेचा क्रीगश्पील, म्हणजे अधिकाऱ्यांचा लढाईचा खेळ, १८२४ चा. त्याचे नियम इतके किचकट झाले की १८७० च्या दशकात काही अधिकाऱ्यांनी ते बरेचसे गुंडाळून निकाल पंचाच्या अनुभवावर सोडला. पुस्तक मोठं की पंच, हे भांडण आजही चालूच आहे.

फासे. खरी मेख इथे आहे. वीस बाजूंच्या एका फाशावर प्रत्येक आकड्याला सारखेच ५ टक्के, त्यामुळे फाशात मिळवायचा +१ चा बोनस म्हणजे सरळ ५ टक्के, हिशेब तोंडी होतो. पण नशिबाचा हात कौशल्याला भारी पडतो, मुरलेला चोरही साध्या कुलपापाशी हात हलवत परततो. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत अ‍ॅडव्हान्टेज आलं, दोन फासे टाका आणि मोठा घ्या. ११ किंवा वर हवे असतील तर ५० चे ७५ टक्के होतात, २० च हवा असेल तर ५ चे जेमतेम ९.७५, म्हणजे मदत मधल्या माणसालाच जास्त.

गर्प्स या सिस्टिममध्ये (१९८६) सहा बाजूंचे तीन फासे. २१६ पैकी १०४ वेळा बेरीज ९ ते १२ मध्येच येते, म्हणून ज्याला येतं त्याला बहुतेक वेळा जमतं, आणि माणसांच्या गोष्टींना हेच शोभतं. लंगडी बाजू अशी की पॉइंट वाटून कॅरेक्टर बनवण्यातच संध्याकाळ जाऊ शकते.

टक्केवारीवाल्या सिस्टिम (रूनक्वेस्ट १९७८, कॉल ऑफ क्थुलू १९८१) नवख्याला लगेच कळतात, कौशल्यापुढे ६० लिहिलंय म्हणजे जमायची शक्यता ६० टक्के, बस. पण पुरावा सापडणं एकाच रोलवर टांगलं आणि तो फसला तर गोष्टच अडते.

अपॉकलिप्स वर्ल्डने (२०१०) सहा बाजूंचे दोन फासे आणि तीन निकाल ठेवले : ६ पर्यंत फसलं, ७ ते ९ जमलं पण किंमत मोजून, १० किंवा पुढे चोख. बोनस नसेल तर ३६ पैकी १५, १५ आणि ६. काहीतरी घडतंच, पण दर वेळी नवी किंमत सुचवायचा भार गेम मास्टरवर, आणि +३ झालं की ३६ पैकी ३ च वेळा फसतं, धाकच उरत नाही.

आमच्या इंदुरात. पुस्तकं इंग्रजी, बोलणं मराठी, मधेमधे इंदुरी हिंदी. म्हणून जिथे नियमातल्या शब्दाशब्दाला वजन असतं त्या सिस्टिम इथे रखडतात, एकजण वाचतो, दुसरा समजावतो, तिसरा म्हणतो ‘अरे भिया, असं नाहीये ते’. डन्जन्समध्ये वरच्या लेव्हलची लढाई लागली की रात्री सराफ्यात खायला जायचा बेत बोंबललाच समजा.

बाकी. गेम मास्टर नसलेल्या सिस्टिमही आहेत, उदा. फियास्को (२००९). तयारी नाही, एका बैठकीत संपतो, पण बुजरा खेळाडू कोपऱ्यात पडतो.