बीटा-ब्लॉकर बंद केल्यावर: फुप्फुस सुटतं, हृदय उसळतं

निपाणीकडे तंबाखूच्या धुळीत वर्षं काढलेल्या माणसाला बीपीसाठी बीटा-ब्लॉकर (ॲड्रेनालिनचा परिणाम अडवून नाडी आणि बीपी उतरवणारं औषध) दिलं आणि दम वाढला, की तो गोळी स्वतःच बंद करतो. दोन दिवसांत बरं वाटतं. फसगत होते ती इथेच.

श्वासनलिकांच्या स्नायूंवर मुख्यतः बीटा-२ रिसेप्टर (ॲड्रेनालिन जिथे चिकटून काम करतं त्या पेशीवरच्या जागा) असतात. ते अडले की दमेकऱ्याच्या नळ्या आवळतात आणि नळ्या मोकळ्या करणारा साल्ब्युटामॉलचा पंपही नीट लागू पडत नाही. प्रोप्रॅनोलॉल या बीटा-ब्लॉकरनं हे जास्त होतं. मेटोप्रोलॉल हे दुसरं बीटा-ब्लॉकर बेताच्या डोसात मुख्यतः हृदयावरचे बीटा-१ धरतं, डोस चढला की तो भेद पुसट होतो. औषध उतरलं की फुप्फुसाची ही तक्रार बहुधा मिटते. मेटोप्रोलॉलचं अर्धायुष्य (रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ) 3 ते 7 तासांचं, त्यामुळे साधी गोळी एक-दोन दिवसांत उतरते.

हृदयाचं उलटं. बीटा-१ बराच काळ अडवून ठेवले की पेशी पृष्ठभागावर जादा रिसेप्टर आणून ठेवतात. गोळी अचानक सुटली की नेहमीचंच ॲड्रेनालिन या वाढलेल्या रिसेप्टरांवर आदळतं: नाडी धावते, बीपी चढतं, आधीच अरुंद धमन्या असतील तर अंजायना (हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणं), कधी हार्ट ॲटॅकसुद्धा. हे साधारण दुसऱ्या ते सातव्या दिवसात दिसतं, धोका दोनेक आठवडे राहतो. म्हणजे छाती मोकळी झाली म्हणून माणूस निर्धास्त होतो, नेमकं तेव्हाच.

चौथ्या दिवशी पुन्हा धाप लागली तर ‘दमा परतला’ म्हणून पंपावर पंप मारू नका. साल्ब्युटामॉल तापलेल्या हृदयाला आणखी पळवतं. श्वास सोडताना शिट्टी वाजत असेल तर बहुधा नळ्या. आडवं झाल्यावर धाप वाढते, बसल्यावर उतरते, पाय सुजलेत, तर संशय हृदयाचा. मात्र हृदयाच्या धापेतही कधी घरघर येते, म्हणून ईसीजी हवाच. छाती दाबल्यासारखी होऊन घाम फुटला तर थेट 108.

बंद करायचीच असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीत एक ते दोन आठवड्यांत डोस उतरवतात, जसं मेटोप्रोलॉलचा: 50 मिलिग्रॅम, मग 25, मग 12.5. मेटोप्रोलॉलची दीर्घ परिणामाची गोळी मधल्या खाचेवर मोडता येते, कुटायची मात्र नाही. गोळी बेळगावच्या डॉक्टरांनी सुरू केलेली आणि दमा दाखवायला कोल्हापूर गाठलं, असं सीमाभागात सर्रास घडतं. तेव्हा दोन्ही चिठ्ठ्या सोबत न्या. सौंदत्तीच्या यात्रेला निघताना गोळ्यांचं पाकीट घरी राहणं हेही अचानक बंद करणंच.

आणि काचबिंदूचे टिमोलॉल थेंब? तेही बीटा-ब्लॉकरच. डोळ्यातून रक्तात उतरून दमेकऱ्याच्या नळ्या आवळतात, पण औषधं सांगताना ते बहुतेकांच्या यादीत नसतात.