वजन परत आले, पाळी का नाही?

अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने खाणे तोडण्याच्या विकारातून बाहेर पडलेल्या स्त्रीला मूल हवेसे वाटू लागते, तेव्हा पुष्कळदा एक कोडे तिच्यासमोर उभे राहते. वजन भरलेले असते, जेवणे वेळेवर होत असतात, घरातल्यांना हायसे वाटलेले असते, आणि पाळी मात्र येत नाही किंवा दोन-तीन महिन्यांतून एकदा कशीबशी येते. उपासमारीच्या वर्षांनी बीजकोश कायमचे निकामी केले असावेत, ही भीती मग मनात घर करते. ती बहुतेक वेळा निराधार असते. उपासमारीमुळे पाळी थांबते तेव्हा बीजकोशांतील स्त्रीबीजांचा साठा सहसा शाबूत असतो. थांबलेली असते ती त्या बीजांना वाढीला लावणारी आज्ञा, आणि ती मेंदूतून निघते.

मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस हा भाग जीएनआरएच नावाचे संप्रेरक एकसारखे न सोडता ठरावीक अंतराने, थोडे थोडे सोडतो. त्या प्रत्येक स्पंदाबरोबर पीयूषिका (पिट्यूटरी) ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही संप्रेरके रक्तात सोडते, त्यांच्यामुळे बीजकोशात बीज पिकते आणि फुटते. यात महत्त्व मात्रेइतकेच तालालाही आहे, हे अमेरिकेत पिट्सबर्ग येथे अर्न्स्ट नोबिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ च्या सुमारास ऱ्हीसस माकडिणींवर दाखवून दिले. ज्यांच्या मेंदूतील हे केंद्र नष्ट झाले होते अशा माकडिणींना जीएनआरएच सलग दिले तर काहीच साधत नसे, पण तेच तासाला एकदा दिले की पीयूषिका पुन्हा कामाला लागत असे. उपासमारीत बिघडतो तो नेमका हा ताल: स्पंद विरळ होतात, इस्ट्रोजेन उतरते, गर्भाशयाचे अस्तर पातळच राहते आणि पाळी बंद होते.

हा ताल अन्नावर कसा अवलंबून असतो, याचा शोध ओहायो विद्यापीठातील अ‍ॅन लाउक्स यांनी घेतला. सामान्य वजनाच्या, नियमित पाळी येणाऱ्या स्त्रियांचा आहार आणि व्यायाम त्यांनी पाच दिवस काटेकोरपणे नियंत्रित केला. खाल्लेल्या ऊर्जेतून व्यायामात खर्च झालेली ऊर्जा वजा केली की जे उरते, त्यावरच शरीराची बाकीची सगळी कामे चालतात. ही शिल्लक चरबी वगळून उरणाऱ्या वजनामागे दर किलोला दिवसाला सुमारे ३० किलोकॅलरीच्या खाली गेली, की एलएचचे स्पंद मंदावत असल्याचे त्यांना २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आढळले. पन्नास किलो वजनाच्या एखाद्या स्त्रीचे चरबीविरहित वजन ३८ किलो धरले, तर ही सीमारेषा ११४० किलोकॅलरीवर येते. तिने दिवसभरात १७०० किलोकॅलरी खाल्ल्या आणि ६०० व्यायामात खर्च केल्या, तर उरतात ११००. वजनकाट्यावर तिचे सर्व काही ठीक दिसेल, जेवणही बऱ्यापैकी वाटेल, पण हायपोथॅलॅमसच्या लेखी ती उपाशीच असेल. अर्थात ही रेषा प्रत्येकीसाठी तंतोतंत तीच असते असे नाही, पण वजन आणि ऊर्जा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तिच्यामुळे स्पष्ट होते. विकारातून बऱ्या झालेल्या अनेक स्त्रियांच्या बाबतीत जेवण सुधारलेले असते, पण रोजचा घाम गाळणारा व्यायाम तेवढा सुटलेला नसतो; कोड्याचे उत्तर बरेचदा तिथेच सापडते.

उत्क्रांतीच्या दृष्टीने पाहिले तर यात बिघाड असा काही नाहीच. अन्नटंचाईत गर्भ वाढवणे जिवावर बेतू शकते, म्हणून शरीर ते काम पुढे ढकलते. १८९९-१९०० च्या दुष्काळानंतर वऱ्हाडातील जन्मनोंदी घसरल्या, १९४४-४५ च्या हिवाळ्यातील उपासमारीनंतर नेदरलँड्समधील शहरांतही तेच झाले, आणि अन्न मिळू लागल्यावर गर्भधारणेचे प्रमाण पुन्हा वाढले.

शरीरात चरबीचा साठा किती आहे याची वर्दी मेंदूला देणारे लेप्टिन हे संप्रेरक १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत सापडले. दहा वर्षांनी, अशाच कारणाने पाळी बंद झालेल्या आठ स्त्रियांना लेप्टिनची इंजेक्शने देऊन पाहण्यात आली, तेव्हा तिघींमध्ये बीज फुटले. साठा भरल्याची नुसती खोटी वर्दीही काहींच्या मेंदूला पुरली, असा याचा अर्थ. परंतु लेप्टिन भूक मारते आणि चरबी घटवते, त्यामुळे ज्या स्त्रीचा मूळ विकारच न खाण्याचा होता तिला हे औषध देणे म्हणजे आगीत तेल ओतणे ठरेल.

मग वजन किती असावे? न्यूयॉर्कमधील नेव्हिल गोल्डन यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, अ‍ॅनोरेक्सिया झालेल्या किशोरवयीन मुलींच्या अभ्यासात अपेक्षित वजनाच्या साधारण ९० टक्क्यांपर्यंत पोहोचलेल्यांपैकी ८६ टक्के मुलींची पाळी सहा महिन्यांत परत आली. याचीच दुसरी बाजू अशी, की त्या वजनालाही काहींची पाळी सहा महिन्यांत आली नाही. आजारापूर्वी मुळात अधिक वजन असलेल्या स्त्रीला तक्त्यातील किमान आकडा पुरत नाही, असेही डॉक्टरांना वारंवार दिसते. बीएमआयच्या, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणाऱ्या, आकड्यावर किती विसंबावे, याचे एक मासलेवाईक उदाहरण पुण्याचेच आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोघा संशोधकांनी २००४ मध्ये स्वतःची मोजमापे प्रसिद्ध केली. दोघांचाही बीएमआय २२.३ होता, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दोघे पुरुष असले तरी मुद्दा इथेही लागू पडतो.

आपल्याकडे याहून मोठा घोटाळा सोनोग्राफीच्या टेबलावर होतो. आज्ञा थांबलेल्या बीजकोशांतही छोट्या, अर्धवट वाढलेल्या पुटिका दिसू शकतात, आणि अहवालात ‘पॉलिसिस्टिक’ हा शब्द उमटतो. त्यापुढे पीसीओडीचे, म्हणजे बीजकोशांत अनेक पुटिका दिसून संप्रेरके बिघडण्याच्या विकाराचे, निदान आणि त्यापाठोपाठ ‘गोड-तेलकट बंद करा, वजन उतरवा’ हा ठरलेला सल्ला. अ‍ॅनोरेक्सियातून उठलेल्या स्त्रीसाठी याच्याइतका घातक सल्ला शोधूनही सापडणार नाही. दोन्ही अवस्थांमधला फरक रक्ततपासणीत पुष्कळदा कळतो: पीसीओडीमध्ये एलएच आणि पुरुषी संप्रेरके चढी असण्याकडे कल असतो, तर इथे एलएच आणि इस्ट्रोजेन दोन्ही उतरलेली असतात. काही जणींमध्ये दोन्ही गोष्टी एकत्रही असतात, विशेषतः बुलिमियाचा (अतोनात खाऊन मग ते मुद्दाम उलटून काढण्याच्या विकाराचा) इतिहास असेल तर. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन तपासणेही आवश्यक असते. मात्र जुना विकार डॉक्टरांना सांगितला नाही, तर या आकड्यांचा अर्थ लावणे अवघड होते, आणि तो सासूसमोर किंवा नवऱ्यासमोर सांगणे सोपे नसते. तपासणीच्या खोलीत पाच मिनिटे एकटीशी बोलण्याची सवय डॉक्टरांनीच लावून घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाळी ‘आणण्यासाठी’ गर्भनिरोधक गोळ्यांचा कोर्स दिला जातो, त्यातही असाच गैरसमज दडलेला असतो. गोळ्या थांबवल्यावर होणारा रक्तस्राव गोळ्यांचा असतो. त्यावरून मेंदूतला ताल परत आला की नाही हे कळत नाही, उलट खरे चित्र झाकले जाते.

औषधांनी बीज फोडता येत नाही असे नाही. जीएनआरएच एका छोट्या पंपातून दर ९० मिनिटांनी देणे हा सर्वांत नैसर्गिक मार्ग, आणि त्यात जुळ्यांचा धोकाही कमी. पण हा पंप सर्वत्र मिळत नाही. दुसरा मार्ग एफएसएच आणि एलएच असलेल्या इंजेक्शनांचा. क्लोमिफिन ही सर्वपरिचित गोळी इस्ट्रोजेनचा संदेश अडवून काम करते, त्यामुळे ज्या शरीरात इस्ट्रोजेनच नाही तिथे ती पुष्कळदा निष्फळ ठरते. मात्र अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीने २०१७ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार बीएमआय किमान १८.५ झाल्याखेरीज असे उपचार सुरू करू नयेत. कारण उघड आहे: कमी वजनावर गर्भ राहिला तर बाळ कमी वजनाचे किंवा अपुऱ्या दिवसांचे जन्मण्याचा धोका वाढतो.

दुसरीकडे, पाळी नाही म्हणजे दिवस जाणार नाहीत, हा समजही फसवतो. नॉर्वेमधील माता-बालकांच्या मोठ्या पाहणीत अ‍ॅनोरेक्सिया असलेल्या स्त्रियांच्या गर्भधारणांपैकी ५० टक्के अनियोजित होत्या. विकार नसलेल्यांमध्ये हे प्रमाण १८.९ टक्के होते. बीज आधी फुटते आणि पाळी त्यानंतर दोन आठवड्यांनी येते, त्यामुळे बऱ्या होणाऱ्या स्त्रीला पाळीची वाट पाहत असतानाच गर्भ राहू शकतो. इंग्लंडमधील ब्रिस्टल परिसरातील पाहणीत अ‍ॅनोरेक्सिया आणि बुलिमिया असे दोन्ही विकार होऊन गेलेल्यांपैकी ३९.५ टक्के स्त्रियांना गर्भधारणेसाठी सहा महिन्यांहून अधिक काळ लागला, इतरांमध्ये हे प्रमाण २५ टक्के होते. पण वर्षाहून अधिक काळ लागणाऱ्यांच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. उशीर होतो, तरी तो बहुधा काही महिन्यांचाच असतो.

गर्भ राहिल्यावर जुना विकार काही जणींमध्ये शांत होतो, काही जणींमध्ये डोके वर काढतो. पहिल्या तीन महिन्यांतील उलट्या बुलिमियाची जुनी वाट पुन्हा दाखवू शकतात, आणि ‘आता दोघांचे खा’ म्हणणाऱ्यांचा प्रेमळ आग्रहही जाचक होतो. फॉलिक अ‍ॅसिड गर्भधारणेपूर्वीच सुरू करावे, आणि शाकाहारी स्त्रियांनी बी-१२ तपासून घ्यावे. दर भेटीतील वजन ही अनेकींच्या दृष्टीने सर्वांत कठीण गोष्ट असते. तिने काट्याकडे पाठ करून उभे राहावे, नर्सने आकडा न उच्चारता कागदावर लिहावा, आणि वाढ अपेक्षेप्रमाणे आहे एवढेच डॉक्टरांनी सांगावे, ही सोय मागितली तर सहज होऊ शकते. बाळंतपणानंतरच्या महिन्यांत, जेव्हा सगळ्यांचे लक्ष बाळाकडे वळलेले असते आणि पोट उतरवण्याचे सल्ले सुरू होतात, तेव्हा विकार उलटण्याचा धोका पुन्हा वाढतो, म्हणून मानसोपचारतज्ज्ञांची पुढची भेट प्रसूतीच्या आधीच ठरवून ठेवलेली बरी.