दहा टेलिफोन लायनी आणि सात हजार माणसं

भारतात सामान्य माणसासाठी इंटरनेट सुरू झालं ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. विदेश संचार निगमने ते आणलं, पैसे भरून घ्यायचं. त्यामुळे आपल्याकडे एक समज घट्ट बसला आहे की हे जाळं आधी लष्कराचं होतं, मग विद्यापीठांचं झालं आणि शेवटी कंपन्यांनी ते जनतेपर्यंत पोचवलं. शाळेच्या प्रकल्पवह्यांपासून वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांपर्यंत हीच गोष्ट सांगितली जाते. तिच्यातून एक अख्खा टप्पा गाळलेला असतो. अमेरिकेत १९८६ सालीच क्लीव्हलंड नावाच्या शहरात कुणालाही, एक पैसा न देता, घरच्या फोनवरून संगणकाच्या सामाईक जाळ्यात शिरता येत होतं. कंपनी नाही, वर्गणी नाही, जाहिराती नाहीत. त्याचं नाव होतं क्लीव्हलंड फ्री-नेट. आणि सुरुवातीला हे सगळं चालायचं अवघ्या दहा टेलिफोन लायनींवर.

हा दहाचा आकडा मला फार आवडतो. त्यामागे जे गणित आहे त्यासाठीच हा लेख लिहितो आहे. पण आधी थोडी हकिकत.

ओहायो राज्यातल्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात टॉम ग्रंडनर नावाचे प्राध्यापक वैद्यकीय शिक्षणाचं काम करत. लोकांना आरोग्याची माहिती स्वस्तात कशी देता येईल हा त्यांचा प्रश्न होता. १९८४ साली त्यांनी एक छोटा संगणक फोनच्या एकाच लाइनला जोडला आणि त्याला गमतीने ‘सेंट सिलिकॉन्स हॉस्पिटल’ असं नाव दिलं. घरी संगणक आणि मोडेम (संगणकाला फोनच्या तारेशी जोडणारं यंत्र) असलेल्या कुणीही त्या नंबरावर फोन लावायचा, आपला प्रश्न टाइप करून ठेवायचा. चोवीस तासांत डॉक्टर उत्तर लिहून ठेवत. प्रश्न विचारणाऱ्याचं नाव गुप्त, पण प्रश्न आणि उत्तर सगळ्यांना वाचायला खुलं. या प्रयोगावरचा लेख १९८६ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनसारख्या नामांकित नियतकालिकात छापून आला.

इथे क्षणभर थांबून आजच्या व्हॉट्सॲपकडे पाहावं. पपईच्या पानांच्या रसाने प्लेटलेट्स वाढवणारे, गरम लिंबूपाण्याने कॅन्सर बरा करणारे संदेश रोज सकाळी आपल्या फोनमध्ये येऊन पडतात. लिहिणारा कोण, त्याला वैद्यकातलं काय कळतं, चुकलं तर जाब कुणाला विचारायचा, कशाचाच पत्ता नसतो. चाळीस वर्षांपूर्वी एका लाइनवर चालणाऱ्या त्या संगणकात उत्तराची जबाबदारी डॉक्टरवर होती. वेग हजारो पटींनी वाढला म्हणून माहितीची प्रत सुधारत नाही, हे आपण रोज अनुभवतो आहोत आणि तरीही ते संदेश पुढे पाठवतोच आहोत.

सेंट सिलिकॉन्सवर लोकांची झुंबड उडाली, तेव्हा ग्रंडनर यांना कल्पना सुचली की नुसतं आरोग्यच का? अख्खं शहरच असं उघडलं तर? एटी अँड टी कंपनीने एकाच वेळी अनेकांना वापरता येणारा एक युनिक्स संगणक दिला, स्थानिक टेलिफोन कंपनीने आणि विद्यापीठाच्या रुग्णालयांनी मदत केली, आणि जुलै १९८६ मध्ये फ्री-नेट सुरू झालं. पडद्यावर चित्र एकही नाही, फक्त अक्षरं. पण त्या अक्षरांची मांडणी शहरासारखी होती. यादीत पोस्ट ऑफिस होतं, चौक होता, न्यायालय आणि शासनकेंद्र, शाळा, ग्रंथालय, दवाखाना. हव्या त्या ठिकाणाचा क्रमांक टाइप करायचा की आत शिरलात. पोस्ट ऑफिसमध्ये तुमच्या नावाची ईमेल पेटी. सदस्य व्हायला कागदी अर्जावर सही करून तो टपालाने पाठवायचा, मग दोन अक्षरं आणि काही आकडे असं ओळखनाव मिळायचं. १९९० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आपले निकाल संगणकावरून द्यायला सुरुवात केली, तेव्हा ते फुकट वाचायची सोय फ्री-नेटवर होती. वकिलाच्या कपाटातला निकाल गिरणीकामगाराला घरबसल्या वाचता येऊ लागला.

पहिल्या तीन वर्षांत नोंदणी झालेले सदस्य सात हजारांवर गेले. दिवसाला पाचशे ते सहाशे फोन यायचे. लायनी दहा.

आता मुद्द्याचं. त्या काळी मोडेमने फोन लावला की ती लाइन पूर्णपणे त्या माणसाची. तो काही वाचत असो, विचार करत असो की चहा करायला उठलेला असो, लाइन अडलेलीच. म्हणजे एका वेळी फार तर दहा माणसं आत, अकराव्याला एंगेज टोन. सात हजार सदस्यांना दहा लायनी म्हणजे दर सातशे जणांमागे एक. चाळीत सातशे बिऱ्हाडांना एक नळ दिला तर काय होईल ते सांगायला नको! मग फ्री-नेट चाललं कसं?

उत्तर डेन्मार्कमधल्या एका माणसाने कधीच शोधून ठेवलं होतं. आग्नर क्रारुप एर्लांग हा मुळात गणिताचा शिक्षक. १९०८ मध्ये तो कोपनहेगन टेलिफोन कंपनीत लागला. कंपनीला जाणून घ्यायचं होतं की एखाद्या भागाला किती लायनी द्याव्यात. जास्त टाकल्या तर तांबं फुकट, कमी टाकल्या तर गिऱ्हाईक वैतागतं. १९१७ मध्ये एर्लांगने त्याचं सूत्र दिलं, आणि पुढे टेलिफोनवरचा भार मोजायच्या एककालाच त्याचं नाव मिळालं.

एक एर्लांग म्हणजे एक लाइन पूर्ण तासभर भरलेली राहील इतका भार. तासात सहा फोन आले आणि प्रत्येक दहा मिनिटं चालला तर साठ मिनिटं, म्हणजे एक एर्लांग. तासात तीस फोन दहा-दहा मिनिटांचे, तर पाच एर्लांग.

आता एकच लाइन घ्या आणि तिच्यावर अर्धा एर्लांग भार टाका. लाइन निम्मा वेळ तर मोकळी हवी. तरीही सूत्राप्रमाणे दर तिघांतल्या एकाला एंगेज टोन मिळतो, कारण फोन ठरवून येत नाहीत. कधी अर्धा तास कुणी नाही, कधी दोघे एकाच मिनिटाला. सेंट सिलिकॉन्सची अडचण हीच होती.

आता भार दहापट करा आणि लायनीही दहापट करा. पाच एर्लांग, दहा लायनी. प्रत्येक लाइनच्या वाट्याला तेवढाच अर्धा एर्लांग येतो. मनाला वाटतं की एंगेज टोनचं प्रमाणही तेवढंच राहील. ते येतं दोन टक्क्यांच्याही खाली! दर तिघांत एक होतं, ते झालं दर चोपन्न जणांत एक. लाइन तीच, भार तोच, फक्त त्या लायनी एकत्र केल्या. अट एवढीच की दहाही लायनींना एकच नंबर असावा आणि एक्सचेंजने येणारा फोन पहिल्या मोकळ्या लाइनकडे वळवावा. टेलिफोन एक्सचेंजना ही सोय कधीपासूनच होती.

हे खरं आहे का, ते साध्या कॅल्क्युलेटरवर पडताळता येतं. ज्यांना आकडेमोड नको त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल, पण मी आग्रह करीन की एकदा करून पाहा. शून्य लायनी असतील तर सगळ्यांनाच एंगेज, म्हणून सुरुवातीचं उत्तर १. आता एकेक लाइन वाढवत जायची. प्रत्येक वेळी आधीच्या उत्तराला भाराने गुणायचं. मग त्या गुणाकाराला, ‘तोच गुणाकार अधिक लायनींची संख्या’ या बेरजेने भागायचं. भार ५ असेल तर पहिल्या लाइनला ५ भागिले ६, म्हणजे ०.८३. दुसऱ्या लाइनला ०.८३ गुणिले ५ म्हणजे ४.१७, त्याला ६.१७ ने भागलं की ०.६८. तिसऱ्याला ०.५३, चौथ्याला ०.४०, पाचव्याला ०.२८, सहाव्याला ०.१९, सातव्याला ०.१२, आठव्याला ०.०७, नवव्याला ०.०३७ आणि दहाव्याला ०.०१८. शेवटच्या चार-पाच पायऱ्यांवर उत्तर कसं कोसळत जातं ते पाहा. एर्लांगच्या सूत्राचं सगळं सौंदर्य या कोसळण्यात आहे.

यात आणखी एक विलक्षण गोष्ट आहे. सूत्रात फोनच्या कालावधीची फक्त सरासरी लागते. सगळे नेमके दहा मिनिटं बोलोत, नाहीतर काही दोन मिनिटांत उठोत आणि काही तासभर बसोत, सरासरी तीच असेल तर एंगेज टोनचं प्रमाण तंतोतंत तेच येतं. हे गणिताने सिद्ध झालेलं आहे आणि तरीही पहिल्यांदा ऐकताना पटत नाही.

फ्री-नेटकडे वळू. दिवसाला साडेपाचशे फोन, प्रत्येक सरासरी दहा मिनिटांचा असं हिशेबापुरतं धरलं, तर चोवीस तासांच्या सरासरीने भार चार एर्लांगही भरत नाही. दहा लायनी पुरून उरतात. पण लोक पहाटे तीनला पत्रं वाचत नाहीत. टेलिफोनवाल्यांचा ठोकताळा असा की सगळ्यात गर्दीच्या तासात दिवसाचे साधारण दहा टक्के फोन येतात. म्हणजे पंचावन्न फोन, भार नऊ एर्लांगच्या वर. सूत्र सांगतं की अशा वेळी जवळजवळ दर सहा जणांत एकाला एंगेज मिळेल. त्रासदायक, पण चालण्यासारखं. आता हीच माणसं दहाऐवजी सहा मिनिटांत काम उरकू लागली तर? भार साडेपाचवर येतो आणि एंगेज टोन तीन टक्क्यांवर. प्रत्येकाने चार मिनिटं सोडली आणि गैरसोय सहापटीने घटली. अशा सार्वजनिक संगणकांवर एका बैठकीला वेळेची मर्यादा घालायची पद्धत होती, ती याच कारणाने. मला यात सहकाराचं तत्त्व आकड्यांत उतरलेलं दिसतं.

वेळ कमी लागायचा, कारण मजकूर हलका होता. १२०० बिट वेगाचा मोडेम सेकंदाला सुमारे १२० अक्षरं पाठवतो. ऐंशी अक्षरांच्या चोवीस ओळी, म्हणजे अख्खा पडदा, सोळा सेकंदांत भरतो. ओळीमागून ओळ उमटताना डोळा ती वाचतच खाली येतो. त्याच मोडेमवर आजच्या मोबाइलमधला तीन मेगाबाइटचा एक फोटो पाठवायला सात तास लागतील. आणखी एक गोष्ट फ्री-नेटच्या पथ्यावर पडली. अमेरिकेत घरगुती फोनवरून गावातल्या गावात बोलायला सहसा वेगळा आकार पडत नसे, महिन्याचं भाडं भरलं की झालं. आपल्याकडे लोकल कॉललाही मीटर फिरायचा. फुकट संगणक उभा केला तरी फोनचं बिल फुकट झालं नसतं.

ग्रंडनर यांचा युक्तिवाद सार्वजनिक ग्रंथालयांचा होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गावोगावी मोफत ग्रंथालयं उभी राहिली, तशीच आता सार्वजनिक संगणक-व्यवस्था उभी राहावी, असं ते मांडत. महाराष्ट्रात जिथे नगर वाचन मंदिरांची परंपरा आहे, तिथल्या वाचकाला हे लगेच कळेल. १९८७ मध्ये शेजारच्या यंग्सटाउनला दुसरं फ्री-नेट निघालं. १९८९ मध्ये अशा सगळ्या केंद्रांना जोडणारी ना-नफा संस्था स्थापन झाली. मग कॅनडात व्हिक्टोरिया, ओटावा, आणि युरोपातही काही शहरं. अॅमस्टरडॅममध्ये जानेवारी १९९४ ला ‘डिजिटल शहर’ उघडलं, त्याचीही मांडणी शहराच्या रूपकावरच होती.

एर्लांगचं गणित दुर्लक्षिलं की काय होतं तेही याच काळात आपल्याकडे दिसलं. १९९५ मध्ये विदेश संचार निगमची सेवा सुरू झाली तेव्हा मागणीच्या मानाने व्यवस्था तोकडी पडली, लाइन मिळता मिळेना, आणि निगमच्या तेव्हाच्या प्रमुखांनी आपलं चुकलं हे जाहीरपणे मान्य केलं. आज ‘अनलिमिटेड’ अशी जाहिरात करणाऱ्या प्रत्येक योजनेमागेही हाच हिशेब असतो: सगळे एकदम येणार नाहीत. गणपतीत मिरवणुकीच्या रस्त्यावर सगळे एकदम येतात आणि टॉवर हात टेकतो. गणित बदललेलं नाही, जाहिरातीतला शब्द तेवढा नवा आहे.

फ्री-नेट संपवलं ते वेबने. चित्रांची पानं आली, लोक दहा मिनिटांऐवजी तासभर बसू लागले. सरासरी सहापट झाली की भार सहापट, आणि लायनीही चार-पाचपट वाढवाव्या लागतात. देणग्यांवर चालणाऱ्या संस्थेला ते कुठून झेपणार? शिवाय महिन्याला ठरावीक पैसे घेऊन वेब दाखवणाऱ्या कंपन्या आता हाकेच्या अंतरावर होत्या. १९९६ मध्ये मध्यवर्ती संस्थेने दिवाळखोरी जाहीर केली. ३० सप्टेंबर १९९९ रोजी विद्यापीठाने क्लीव्हलंड फ्री-नेट बंद केलं. २००० साल उजाडताना तारखांचा घोळ होईल, जुनी प्रणाली तो पेलू शकणार नाही, असं कारण देण्यात आलं. सदस्यांपैकी अनेकांना ते पटलं नाही, आणि मलाही पटत नाही. तारखा दुरुस्त करता आल्या असत्या. इच्छा आणि पैसा आटला होता.

ओटावाचं फ्री-नेट मात्र टिकलं. १९९३ मध्ये कार्लटन विद्यापीठाच्या आधाराने उघडलेली ही संस्था पुढे सदस्यांच्या मालकीची ना-नफा संस्था म्हणूनच चालत राहिली. फोनच्या तारांवरून ब्रॉडबँड देण्याचं तंत्र आलं तेव्हा तिने तेही आपलंसं केलं आणि कंपन्यांच्या बरोबरीने घरोघर जोडण्या देऊ लागली.