ब्रेक लाइटमधील एलईडी बल्ब

मोटारीच्या मागच्या दिव्यातला तारेचा बल्ब काढून त्याच होल्डरमध्ये एलईडी बल्ब बसवणे, हा गाडीत घरच्या घरी करता येणाऱ्या सर्वांत सोप्या बदलांपैकी एक आहे. डिकी उघडायची, आतले झाकण काढायचे, होल्डर फिरवून बाहेर घ्यायचा, बल्ब दाबून वळवायचा की सुटतो; नवा तसाच बसतो. पाच-दहा मिनिटांचे काम. मात्र ब्रेक लाइट चालकाला स्वतःला काहीच दाखवत नाही. त्याचा सारा उपयोग मागून येणाऱ्याला. म्हणून बदल चांगला झाला की बिघडला, हे आपल्या सीटवर बसून कधीच कळत नाही. या विषयाचा विचार मागच्या गाडीच्या काचेतून पाहूनच करावा लागतो.

वेळेचा हिशेब

तारेच्या बल्बात उजेड उष्णतेतून येतो. पेडल दाबले की टंगस्टनच्या बारीक वेटोळ्यातून प्रवाह वाहू लागतो. गार तारेचा विद्युतरोध तापलेल्या तारेच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतका असतो, त्यामुळे पहिल्या क्षणी प्रवाहाचा मोठा लोंढा येतो. तार आधी मंद लाल, मग नारिंगी आणि शेवटी पिवळट पांढरी होते. अडीच हजार अंश सेल्सियसच्या आसपास पोहोचल्यावरच तिचा पूर्ण उजेड पडतो आणि त्यात साधारण ०.२ सेकंद जातो. एलईडीत तापण्याचा हा टप्पाच नाही. अर्धवाहकाच्या सांध्यात इलेक्ट्रॉन आणि पोकळ्या (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा) एकत्र आल्या की थेट प्रकाश बाहेर पडतो. मिलिसेकंद उलटायच्या आत दिवा पूर्ण तेजाने लागलेला असतो.

०.२ सेकंद ऐकायला क्षुल्लक वाटतो. पण ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी तेवढ्यात ३.३ मीटर, ताशी ८० ने ४.४ मीटर आणि ताशी १०० ने ५.६ मीटर पुढे सरकते. डोळा दिवा पूर्ण उजळेपर्यंत थांबून राहत नाही, त्यामुळे प्रत्यक्षातला फायदा याहून थोडा कमी भरतो. मिशिगन विद्यापीठाच्या परिवहन संशोधन संस्थेत मायकेल सिवाक आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात घेतलेल्या चाचण्यांत एलईडी आणि निऑनच्या ब्रेक लाइटला लोकांनी नेहमीच्या बल्बापेक्षा सरासरी १६६ मिलिसेकंद लवकर प्रतिसाद दिला.

या १६६ मिलिसेकंदांचे मोल वेगात मोजले तर नीट उमगते. ताशी १०० किलोमीटर वेगाने मागून येणारी गाडी तेवढ्या वेळात ४.६ मीटर जाते. कोरड्या रस्त्यावर कडक ब्रेक लावला की वेग दर सेकंदाला सुमारे ७ मीटर प्रतिसेकंद या दराने उतरतो, असे धरू. लवकर ब्रेक लावून जी गाडी उभ्या गाडीच्या अगदी जवळ येऊन कशीबशी थांबली असती, ती १६६ मिलिसेकंद उशिरा ब्रेक लागल्यास त्याच जागी अजून ताशी सुमारे २९ किलोमीटर वेगाने धावत असते. एकाच प्रसंगात काही न होणे आणि डिकी आत चेपली जाणे, यांतला फरक एवढ्यावर ठरू शकतो.

हा फायदा आपल्या गाडीच्या थांबण्याच्या अंतरात मुळीच दिसत नाही, हेही लक्षात घ्यायला हवे. आपले ब्रेक होते तसेच राहतात. वेळ वाचतो तो मागच्याचा. आणि तो मोबाइलमध्ये डोके घालून बसला असेल, तर कोणताही बल्ब कामाला येत नाही.

तारेच्या बल्बाची आणखी एक दुबळी बाजू आहे. त्याचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घातात बदलतो. होल्डरला गंज चढला, अर्थिंग सैल झाले आणि बल्बापर्यंत १२ ऐवजी १०.५ व्होल्टच पोहोचले, तर उजेड एक तृतीयांशाहून जास्त घटतो. जुन्या गाडीचा ब्रेक लाइट मंद दिसतो तेव्हा दोष पुष्कळदा बल्बात नसून या अर्थिंगमध्ये असतो. नवा एलईडी घ्यायच्या आधी होल्डरचे पत्रे घासून साफ करावेत. निम्म्या तक्रारी तिथेच मिटाव्यात, असे या नोंदीच्या लेखकाला मनापासून वाटते.

तिसऱ्या दिव्याचा धडा

मागच्या सिग्नलने अपघात खरेच कमी होतात का, याचे चांगले उत्तर मागच्या काचेतल्या मधल्या, उंचावरच्या ब्रेक लाइटच्या इतिहासात सापडते. १९७४ मध्ये मानसशास्त्रज्ञ जॉन व्होएव्होद्स्की यांनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या ३४३ टॅक्सींवर असा जादा दिवा बसवून पाहिला. मागून बसणाऱ्या धडका ६०.६ टक्क्यांनी घटल्या. अमेरिकेत १९८६ च्या मॉडेलपासून प्रवासी मोटारींना हा दिवा सक्तीचा झाला. पुढे बहुतेक गाड्यांवर तो दिसू लागला, तेव्हा १९९८ च्या सरकारी मूल्यमापनात दीर्घकालीन घट ४.३ टक्के निघाली. सुरुवातीच्या यशात नवलाईचा वाटा मोठा होता. सगळ्यांकडे तोच दिवा आला की डोळे सरावतात. तरीही लाखो गाड्यांवर ४.३ टक्के ही लहानसहान गोष्ट नाही.

तांबड्या प्रकाशाचा एलईडी १९६२ मध्ये जनरल इलेक्ट्रिकमध्ये निक होलोन्याक यांनी बनवला. मोटारीत तो आधी शिरला तो याच तिसऱ्या दिव्यात, कारण तिथे जागा अरुंद, रंग फक्त लाल आणि काम एकच. बाजूच्या मुख्य दिव्यांत तो नंतर आला. २००० सालच्या कॅडिलॅक डेव्हिलमध्ये मागचे दिवे एलईडीचे होते. या सगळ्या गाड्यांत दिवा मुळातच एलईडीसाठी आखलेला होता. जुन्या दिव्यात नवा बल्ब घालणे ही वेगळी गोष्ट, आणि अडचणी सुरू होतात त्या इथे.

बल्ब हा दिव्याचा अर्धा भाग

मागच्या दिव्यात मुख्यतः दोन प्रकारचे बल्ब भेटतात. पी२१डब्ल्यू हा एका तारेचा, २१ वॅटचा, फक्त ब्रेकसाठी. पी२१/५डब्ल्यू मध्ये दोन तारा असतात: २१ वॅटची ब्रेकला आणि ५ वॅटची रात्रीच्या टेल लाइटला. दुसऱ्याच्या बुडावरच्या दोन खुंट्या मुद्दाम वेगवेगळ्या उंचीवर दिलेल्या असतात, म्हणजे तो उलटा बसू नये. काही गाड्यांत याच जोडीचे काचेच्या चपट्या बुडाचे भाऊबंद असतात. तारेच्या बल्बाला ते बूड कोणत्याही बाजूने चालते, एलईडीला चालत नाही. दिवा लागला नाही तर आधी बल्ब उलटा करून पाहावा.

बल्बाच्या काचेच्या आत तार नेमकी किती उंचीवर आहे, याचे माप ठरलेले असते. दिव्याचा चकचकीत परावर्तक आणि लेन्सवरच्या बारीक रेघा त्या एका ठिणगीएवढ्या जागेभोवती आखलेल्या असतात. तिथून निघालेला प्रकाश मागे, वर-खाली आणि बाजूला ठरावीक प्रमाणात वाटला जातो. स्वस्त एलईडी बल्बात हीच जागा बदलते. डोक्यावर एक मोठी चिप आणि दांड्याच्या चहूबाजूंनी छोट्या चिप्सच्या रांगा, अशी त्याची रचना असते. डोक्यावरची चिप थेट मागे झगझगीत ठिपका टाकते, पण परावर्तकाकडे मापात प्रकाश जात नाही. लेन्सच्या मध्यभागी डोळे दिपवणारा बिंदू आणि कडेला अंधार, असे चित्र दिसते. सरळ मागून पाहणाऱ्याला दिवा पूर्वीपेक्षा तेजस्वी वाटतो; शेजारच्या लेनमधून तिरप्या कोनात पाहणाऱ्या मोटारसायकलस्वाराला तो मंदच दिसतो.

नियमांत म्हणूनच बल्बाऐवजी सगळ्या दिव्याचा प्रकाश कोनाकोनातून मोजतात. संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक ७ मध्ये साध्या ब्रेक लाइटने सरळ मागे किमान ६० आणि कमाल २६० कँडेला (एका दिशेने जाणाऱ्या प्रकाशाच्या तीव्रतेचे माप) प्रकाश द्यावा, तसेच तो दोन्ही बाजूंना ४५ अंशांपर्यंत आणि वर-खाली १५ अंशांपर्यंत दिसावा, अशी अपेक्षा होती. पुढे सिग्नलच्या दिव्यांचे नियम क्रमांक १४८ मध्ये एकत्र केले गेले. अमेरिकेच्या मानक १०८ मध्ये एका खणाच्या दिव्याला हीच मर्यादा ८० ते ३०० कँडेला आहे. कमाल मर्यादेकडे लोकांचे लक्ष जात नाही, पण रात्री सिग्नलला उभे असताना पुढच्या गाडीच्या भडक दिव्याने डोळे चुरचुरले असतील, तर ती मर्यादा कशासाठी आहे ते समजते. बल्बाच्या खोक्यावर मात्र कँडेला नसतातच, ल्युमेन छापलेले असतात. ल्युमेन म्हणजे चहूकडे पडणारा एकूण प्रकाश. मागच्या चालकाच्या डोळ्यांपर्यंत त्यातला किती पोहोचेल, हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही.

फरक दिसला पाहिजे

दोन कामांच्या बल्बात सर्वांत मोठा धोका फरक पुसला जाण्याचा असतो. तो कमी उजेडाच्या धोक्याहून वाईट आहे. रात्री टेल लाइट लागलेलाच असतो, त्यात ब्रेकचा उजेड मिसळतो. मागच्याला ब्रेक कळतो तो या उडीवरून. पी२१/५डब्ल्यू बल्बाचा मानक उजेड ब्रेकला ४४० आणि टेलला ३५ ल्युमेन, म्हणजे साडेबारापट. नियमांतही दोन्ही कामे एकाच लेन्समधून होत असतील, तर ब्रेकचा उजेड टेलच्या किमान पाचपट असावा लागतो. ढिसाळ बनावटीच्या एलईडीत टेलचा टप्पा इतका तेज ठेवलेला असतो की रात्री पेडल दाबल्यावर फारसे काही बदलल्यासारखे वाटत नाही. मालक खूश असतो, कारण गाडी मागून झगमगते. मागून येणाऱ्याला मात्र ही गाडी सतत ब्रेक मारत चालली आहे की कधीच मारत नाही, ते उमगत नाही. वाचलेले १६६ मिलिसेकंद इथे गेलेच, वर गाठीला होते तेही गेले.

रंगाचीही अशीच गोष्ट. पांढरा एलईडी जास्त उजेड देईल, असे वाटणे साहजिक आहे. पण तो प्रकाश निळ्या चिपवर पिवळसर फॉस्फरचा (प्रकाशाचा रंग बदलणाऱ्या पदार्थाचा) थर देऊन बनवलेला असतो आणि त्यात लाल भाग मुळातच कमी. लाल लेन्स बाकीचा सगळा प्रकाश अडवून ठेवते. पांढऱ्या एलईडीचा बराच उजेड लेन्समध्येच वाया जातो आणि जुनी, फिकी झालेली लेन्स असेल तर दिवा गुलाबीसर दिसतो. लाल लेन्सच्या मागे लालच एलईडी हवा. त्याची तरंगलांबी साधारण ६२० ते ६३० नॅनोमीटर असते आणि लेन्स ती जवळपास पूर्ण सोडते.

एलईडी कमी वीज खातो म्हणून तो तापत नाही, हा समज अर्धाच खरा. त्याची उष्णता प्रकाशाबरोबर पुढे न जाता चिपच्या बुडाशी साठते, आणि चिप तापली की उजेड उतरतो. लाल चिप याबाबतीत विशेष नाजूक. गर्दीत पाच मिनिटे पेडलवर पाय ठेवून उभे राहिल्यावर हलक्या बल्बाचा उजेड पहिल्या सेकंदाच्या मानाने बराच खाली आलेला असतो. बर्फाळ प्रदेशात आणखी वेगळी अडचण येते: तारेच्या बल्बाच्या उबेने लेन्सवरचा बर्फ वितळतो, एलईडीपुढे तो तसाच साचून राहतो.

वायरिंगमधले घोळ

२१ वॅटचा बल्ब १२ व्होल्टला १.७५ अँपिअर प्रवाह घेतो. एलईडी त्याच्या काही अंशच घेतो. बऱ्याच गाड्यांतला संगणक हा प्रवाह तपासत असतो. तो कमी दिसला की बल्ब गेला असे समजून डॅशबोर्डवर इशारा देतो. तपासणीसाठी तो सोडत असलेल्या बारीक स्पंदनांनी काही एलईडी पेडल न दाबताही मिणमिणत राहतात. काही जुन्या गाड्यांत क्रूझ कंट्रोल (वेग आपोआप कायम राखणारी यंत्रणा) ब्रेक लाइटच्या तारेतून अर्थिंग जुळते का ते पाहते. तिथे एलईडी बसवल्यावर ते सुरूच होत नाही, आणि मालक भलतीकडे बिघाड शोधत बसतो.

यावर, संगणकाला प्रवाह पुरेसा दिसावा म्हणून, बल्बाला ६ ओहमचा रोधक समांतर जोडायचा उपाय सांगितला जातो. इंजिन चालू असताना १३.८ व्होल्टला त्यातून २.३ अँपिअर वाहतात आणि सुमारे ३२ वॅट उष्णता बाहेर पडते, म्हणजे मूळ बल्बाहूनही जास्त. तो प्लॅस्टिकला किंवा वायरच्या गुंडाळीला टेकला तर वितळण-जळण होते. जोडायचाच असेल, तर उघड्या धातूच्या पत्र्यावर घट्ट आवळावा.

पेडल दाबताच भराभर लुकलुकणारे बल्बही बाजारात मिळतात. ते टाळावेत. अमेरिकी मानकानुसार ब्रेक लाइट स्थिर जळावा लागतो. संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक ४८ मध्ये तातडीच्या थांब्याचा लुकलुकणारा सिग्नल आहे, पण तो ताशी ५० किलोमीटरच्या वर आणि मोटारीचा वेग दर सेकंदाला ६ मीटर प्रतिसेकंदाहून जलद उतरत असेल तेव्हाच, सेकंदाला साधारण चार वेळा चालतो. प्रत्येक हलक्या ब्रेकला लुकलुकणारा दिवा त्या सिग्नलचा अर्थच घालवतो.

बसवल्यानंतरची तपासणी

एका बाजूला जुना बल्ब ठेवून दुसऱ्या बाजूला एलईडी बसवावा आणि तुलना करावी. टेल लाइट चालू ठेवून दुसऱ्या माणसाला पेडल दाबायला सांगावे. वीस-तीस पावले मागे उभे राहून आधी सरळ, मग दोन्ही बाजूंना ४५ अंशांपर्यंत चालत जाऊन पाहावे. हे एकदा रात्री आणि एकदा भर दुपारच्या उन्हात करावे, कारण रात्री दिपवणारा दिवा उन्हात पुरा पडेलच असे नाही. नंतर पाच मिनिटे पेडल दाबून ठेवून पुन्हा पाहावे. एलईडीची बाजू कोणत्याही कोनातून जुन्या बल्बापेक्षा मंद दिसली, किंवा टेल आणि ब्रेक यांतली उडी तिथे लहान भासली, तर जुना बल्ब परत बसवावा. तो ०.२ सेकंद उशिरा पेटतो, पण त्या दिव्याची लेन्स त्याच्याच मापाने घडवलेली आहे.