चोवीस तासांचं हॉटेल की दुपारी बाराचं?

बेळगावात बसस्थानकापासून खडेबाजार, कॉलेज रोडपर्यंत साध्या, बऱ्यापैकी स्वच्छ हॉटेलांना तोटा नाही. भाडं सगळेच ‘दिवसाला’ सांगतात. पण एका हॉटेलाचा दिवस तुम्ही रजिस्टरात सही केल्यापासून चोवीस तास चालतो, आणि दुसऱ्याचा दुपारी बाराला संपतोच, मग तुम्ही कधीही आलेले असा. दोन्हीकडे भाडं तेवढंच असलं तरी बिल तेवढंच येईल असं नाही.

पुण्या-मुंबईहून रात्रीच्या बसने येणाऱ्याचं बघा. पहाटे साडेपाचला खोली घेतली. चोवीस तासांच्या हॉटेलात ती दुसऱ्या पहाटेपर्यंत तुमची. आंघोळ, लग्न, शहापुरात साडीखरेदी, कुंद्याचे डबे आणि रात्रीच्याच बसने परत, सगळं एका भाड्यात. बाराच्या हॉटेलात मात्र साडेसहा तासांतच पहिला दिवस संपतो आणि दुसरा लागू होतो. काही ठिकाणी पहाटेचं अर्ध्या भाड्यावर भागवतात, पण तो मालकाच्या मर्जीचा मामला.

पण तुम्ही रात्रीही राहणार असाल तर? पहाटे साडेपाचला आलेला पाहुणा दुसऱ्या दिवशी साडेपाचला थोडाच खोली सोडतो! नाश्ता करून नऊला निघालात की चोवीस तासवालाही दुसरा दिवस लावणार. म्हणून काउंटरवरचा माणूस आधार कार्ड हातात घेता घेताच विचारतो, “उद्या कधी सोडतासा?” हा प्रश्न उगाच नसतो. रात्री आठला येऊन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतणाऱ्याला चोवीस तासच सोयीचे. दुपारी दोनला येऊन सकाळी निघणाऱ्याला दोन्ही सारखेच.

हॉटेलवाल्याचीही अडचण समजून घ्या. बाराला खोल्या एकदम रिकाम्या होतात, पोरं दोन तासांत चादरी बदलतात, आणि फोनवर विचारणाऱ्याला ‘दोनला या’ असं छातीठोक सांगता येतं. चोवीस तासांत कुणी पहाटे चारला सोडतो, कुणी रात्री दहाला. झाडलोट चोवीस तास, आणि पुढची खोली कधी मोकळी होईल ते आत्ताच्या पाहुण्यावर. म्हणून अशा ठिकाणी आगाऊ खोली पक्की करायला गेलात की ‘या, बघू’ असं उत्तर मिळतं. त्यात आळस नाही.

मोबाईलवरून बुकिंग केलं की वेगळाच घोळ. भिंतीवर ‘२४ तास’ रंगवलेलं असतं आणि तुमच्या पावतीवर सकाळी अकराला खोली सोडा असं छापलेलं. अशा वेळी पावतीच चालते. पाटी दाखवून भांडण्यात अर्थ नाही. थेट काउंटरवर घेतली असेल तर रजिस्टरातला वेळेचा रकाना बघा. साडेपाचला पोहोचलात आणि साफसफाई होऊन किल्ली सव्वासहाला मिळाली, तर सव्वासहाच लिहायला सांगा. बहुतेक जण ऐकतात.

दुसरा दिवस लागला की करही त्यावर पुन्हा लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे, आधी १२ होता. सांगितलेल्या भाड्यात तो धरलाय का, एवढं विचारून घ्या.

डिसेंबरात सुवर्ण विधानसौधात अधिवेशन भरलं की अधिकारी, पोलीस, पत्रकार गावात उतरतात आणि ‘तासभर चालवून घ्या’ म्हणायची सोय उरत नाही. सीमावाद तापला की आणखी एक कटकट. फेब्रुवारी २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या बसगाड्या थांबल्या होत्या. असं होऊन मुक्काम वाढला तर काउंटरवर आधी कळवा. बाराच्या हॉटेलात सकाळीच सांगता येतं, पण पहाटेची वेळ लिहिलेली असेल तर आदल्या रात्रीच सांगा.